रपट्यासाठी गाडी

आमचं घर झाशीजवळ, बरुआसागरच्या अलीकडे, एका नाल्यापलीकडे आहे. नाल्यावर पूल नाही, रपटा आहे. म्हणजे नाल्याच्या तळाशीच टाकलेला सिमेंटचा रस्ता. उन्हाळ्यात तो कोरडा असतो, पावसाळ्यात त्याच्यावरून पाणी वाहतं. रेल्वेतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाल्यावर मी आणि बायकोने, प्रेमलाने, तिथे थोडी जमीन घेतली, दोन खोल्या बांधल्या, अदरक लावलं. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये त्याच रपट्यावर आमची छोटी गाडी पाण्यात बंद पडली आणि प्रेमला गेली.

मुलगी स्नेहलता पुण्याला असते. यंदा तिने फोनवर सरळ सांगितलं, "बाबा, एक तर इकडे राहायला या, नाहीतर फोर व्हील ड्राइव्ह गाडी घ्या. तिसरं काही मी ऐकणार नाही."

"रोज भाजी आणायला जीप?"

"रोज रपटा ओलांडायला जीप."

तिचं बरोबर होतं. मला आठवड्यातून चार-पाच वेळा झाशीत जावं लागतं. गुडघे शेकायला, औषधांना, सीपरी बाजारात सामानाला. टेम्पोवाले पावसाळ्यात रपट्याच्या अलीकडेच उतरवतात आणि मी चपला हातात धरून पाण्यातून जातो. स्नेहलताला हे कुणीतरी सांगितलं होतं.

घर मला सोडायचं नव्हतं. पुण्याला तर मुळीच जायचं नव्हतं. स्नेहलतासमोर रोज जेवायला बसणं मला जमलं नसतं, कारण त्या दिवसाबद्दल मी तिला एक गोष्ट खोटी सांगितली होती. तिलाच नाही, पोलीस चौकीतही तेच लिहून दिलं होतं. म्हणून गाडी घ्यायची ठरवली.

बरोबर विश्वंभरला घेतलं. तो अकरा वर्षं इंजिनात माझा सहायक होता. अजून मला साहेब म्हणतो आणि अजून माझी चेष्टा करतो.

"साहेब, चौतीस वर्षं तुम्हाला रुळांनी वळवलं," तो म्हणाला. "स्टीअरिंग ही तुमची वस्तूच नाही."

बिजौलीला रामकृष्णचं गॅरेज आहे. त्याचे वडील आमच्या शेडमध्ये फिटर होते, त्यामुळे तो मला फसवणार नाही एवढं माहीत होतं. त्याच्याकडे दोन गाड्या होत्या. एक डिझेलची स्कॉर्पिओ, फोर बाय फोर. दुसरी जुन्या बनावटीची पेट्रोल जिप्सी, पांढरा रंग नवीनच मारलेला.

"ड्राइवर साहब, जे वाली लो," रामकृष्ण स्कॉर्पिओच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाला. "सोफा है सोफा. और जा जिप्सी हल्की है, बकरिया घाईं चढ़त है, पर आपकी कमर का राम मालिक." म्हणजे जिप्सी शेळीसारखी चढते, पण कंबर राहील की नाही देव जाणे.

सकाळी स्कॉर्पिओ चालवली. विश्वंभर शेजारी बसला. पाय ठेवायला बाजूला पट्टी होती, त्यामुळे गुडघ्याला चढायला त्रास झाला नाही. एसी थंड होता. चारही चाकांना जोर द्यायचा तर फक्त एक बटण फिरवायचं, तेही गाडी चालू असतानाच. एवढंच, की गाडी रुंद. मी औषधं घेतो ते दुकान ज्या गल्लीत आहे तिथे ती वळवताना विश्वंभरला उतरून लोकांना बाजूला करावं लागलं. तरी मला ती आवडली. स्नेहलताला फोटो पाठवला. तिचं लगेच उत्तर आलं, "हीच घ्या."

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण दोन वस्तू असल्या की दोन्ही तपासायच्या, ही नोकरीतली सवय. जेवणानंतर आम्ही जिप्सी घेतली. रामकृष्ण म्हणाला, संध्याकाळपर्यंत घेऊन जा, अपने रपटे पर उतारके देख लो.

विश्वंभरने डावीकडचं पुढचं दार उघडलं, क्षणभर तसाच उभा राहिला आणि दार लावून टाकलं. मागे जाऊन आडव्या बाकावर बसला.

"पुढे का नाही बसलास?"

"पट्टा लावलेला आहे," तो म्हणाला.

खरंच, डाव्या रिकाम्या सीटवर पट्टा आडवा ओढून खटक्यात अडकवलेला होता. रामकृष्ण म्हणाला, लटकता राहिला तर दारात सापडतो म्हणून लावून ठेवतो.

"मग काढून बस ना," मी विश्वंभरला म्हणालो.

"असू दे साहेब. मागे बरं आहे."

बिजौलीहून बरुआसागरला जायचं तर शहरातून जावं लागतं. एलिट चौराह्याला सिग्नल लाल होता. मी गाडी हळू केली आणि डावीकडून आवाज आला, "हिरवा."

प्रेमलाचा आवाज होता. मोठा नाही. नेहमी असायचा तसा.

इथे एक सांगायला हवं. इंजिनात सिग्नल दिसला की सहायकाने त्याचा रंग मोठ्याने म्हणायचा, ड्रायव्हरने स्वतः बघायचं आणि तोच रंग परत म्हणायचा. दोघांचं जुळलं की पुढे. जुळलं नाही, तर दोघांपैकी जो रंग कडक तो खरा धरायचा. निवृत्तीनंतर गाडी घेतली तेव्हा ही सवय माझ्याबरोबर आली आणि प्रेमलाने ती उचलली. ती डावीकडे बसून म्हणायची, "लाल." मी म्हणायचो, "लाल." पुढे पुढे तिने ते घरातही आणलं. दूध उतू जायला लागलं की स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, लाल!" आणि मी "लाल" म्हणत गॅस बंद करायला धावायचो.

म्हणून चौराह्यावर माझ्या तोंडून आपोआप उत्तर गेलं. "लाल," मी म्हणालो आणि ब्रेक दाबला.

"हिरवा," ती पुन्हा म्हणाली.

"लाल."

"साहेब," मागून विश्वंभर म्हणाला, "मी काही म्हणालो नाही. उत्तर कुणाला देताय?"

मी डावीकडे पाहिलं. सीट रिकामी होती. पट्टा मात्र सैल नव्हता. पोटावरून जातो तसा पुढे फुगून बसला होता.

"सवय," मी म्हणालो.

पुढच्या सिग्नललाही तसंच झालं. आमच्या वाटेला लाल होता आणि ती हिरवा म्हणाली. मी लाल म्हणालो. मागे विश्वंभर खिडकीबाहेर बघत बसला होता.

खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही. आनंद झाला. दोन वर्षं घरात कुणी रंग सांगितला नव्हता. शहराबाहेर पडल्यावर वाटलं, गुडघे गेले तर गेले, गाडी हीच घ्यायची. फक्त एक खटकत होतं. प्रेमलाने कधी चुकीचा रंग सांगितला नव्हता. एकदाही नाही.

रपट्यापाशी पोचलो तेव्हा चार वाजले होते. ऊन होतं. आदल्या दिवशी टहरौलीकडे पाऊस झाला होता, त्याचं पाणी आता इथे आलं होतं. रपट्यावरून साधारण गुडघाभर, गढूळ. पाण्याचा आवाज फारसा नव्हता. पलीकडे आमच्या घराचं छप्पर दिसत होतं.

जिप्सीत बटण नाही. पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी एकेक कळ असते, ती उतरून हाताने फिरवावी लागते, मग आत येऊन छोटा दांडा ओढायचा. म्हणजे पाण्यात जाण्याआधी माणसाला थांबून उतरावंच लागतं. मी उजव्या चाकाची कळ फिरवली, वळसा घालून डावी फिरवली आणि उठताना खिडकीचा आधार घेतला. तेव्हा आत डाव्या सीटसमोरची धरायची मूठ दिसली. तिला कलावा, पूजेचा लाल दोरा, बांधलेला होता. विटून गुलाबी झालेला, तीन गाठींचा.

तो धागा मी ओळखला.

त्या दिवशी आम्हाला पाण्यातून एका अदरकवाल्या व्यापाऱ्याच्या जिप्सीने ओढून काढलं होतं. ती हिरवी होती. प्रेमलाला पुढच्या सीटवर बसवलं, पडू नये म्हणून पट्टा लावला, आणि मी मागून तिचं डोकं धरून होतो. मेडिकल कॉलेजपर्यंत मी त्या मुठीकडेच बघत होतो, कारण प्रेमलाचा हात तिच्यावर होता. पोचल्यावर तिथल्या माणसाने तिची बोटं एकेक करून सोडवली. तिसरी गाठ तेव्हा तिच्या अंगठ्याखाली होती.

मी आत येऊन बसलो. इंजिन चालूच होतं.

"हिरवा," प्रेमला म्हणाली.

मी समोर पाणी बघत होतो.

"हिरवा," ती म्हणाली. मग पुन्हा. रागाने नाही, घाईने नाही. मी उत्तर देईपर्यंत सहायक पुन्हा म्हणतो, तसं. गाडी गिअरमध्ये होती आणि माझा पाय क्लचवरून सुटत चालला होता. ते मला कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं. पुढची चाकं उतारावर आली. पाणी बंपरला लागलं.

"साहेब, थांबा," विश्वंभर ओरडला. "आधी खोली बघू. काठी टाकू. साहेब!"

"हिरवा."

आणि मला कळलं की हा शब्द तिचा नव्हता. माझा होता. त्या दिवशी प्रेमला म्हणाली होती, "लाल." स्वच्छ, एकदाच. मी पाणी पाहिलं, घोटाभर वाटलं, आणि म्हणालो, "हिरवा. बस तू." उभ्या आयुष्यात मी नियम एकदा मोडला तो तिथे. आणि नंतर चौकीत, आणि फोनवर रडणाऱ्या स्नेहलताला मी म्हणालो होतो, "तिनेच हिरवा दिला. ती म्हणाली, जाईल गाडी." मेलेल्या माणसाच्या तोंडी घातलं की कुणी तपासायला येत नाही. ते तिच्या तोंडी मीच घातलं होतं, आणि आता ती तेच म्हणत होती. दुसरं काही म्हणायला मी तिला ठेवलंच नव्हतं.

"लाल," मी म्हणालो आणि ब्रेकवर पाय दाबला. "लाल. तू लालच म्हणाली होतीस. हिरवा मी म्हणालो."

गाडी थांबली. पुढची चाकं पाण्यात, मागची जमिनीवर. डावीकडे खटका वाजला आणि पट्टा सरकन मागे गेला. मुठीवरचा धागा हलत होता. वारा नव्हता.

मी हँडब्रेक ओढला.

"विश्वंभर, ऐकलंस?"

"खटका ऐकला," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "आणि तुम्ही जे बोललात ते."

गाडी मागे घेतली. काठावर उभं राहून मी स्नेहलताला फोन लावला. तिला वाटलं गाडीबद्दल आहे. म्हणाली, "बाबा, स्कॉर्पिओचा रंग तोच ठेवा हं."

मी सांगितलं. जसं झालं तसं, जेवढं इथे लिहिलं तेवढंच.

ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"आई हिरवा म्हणणारच नाही. रस्त्यात डबकं दिसलं तरी लाल म्हणायची ती. मी दोन वर्षं वाट बघतेय, बाबा, तुम्ही कधी सांगता त्याची."

तिने फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. मी दर रविवारी लावतो. वाजतो आणि बंद होतो. चौकीतही जाऊन आलो. दरोग्याने कागद बघितला, म्हणाला, बाबूजी, अब क्या फर्क पड़ता है.

जिप्सी मी घेतली. रामकृष्णने दोनदा विचारलं, "सोच लो ड्राइवर साहब, रोज चलानी है." विश्वंभरने फक्त तो धागा तसाच राहू द्यायला सांगितलं. अलीकडे तो माझ्याबरोबर यायचं टाळतो. शहरात भेटतो, चहा पितो, पण गाडीत बसत नाही.

रोजच्या वापराला ही गाडी बरी नाही, हे मी कुणालाही सांगेन. कंबर दुखते. एसी नाही. पण गल्लीत वळते, आणि पाण्याआधी उतरायला लावते, ते मला हवं होतं.

आवाज येतो. आता ती हिरवा कधीच म्हणत नाही. फक्त लाल म्हणते. सिग्नल लाल असला तरी लाल, हिरवा असला तरी लाल. एलिट चौराह्याला समोर हिरवा लागतो, डावीकडून ती म्हणते, "लाल." जुळलं नाही तर कडक तो धरायचा. मी म्हणतो, "लाल," आणि उभा राहतो. मागचे हॉर्न वाजवतात. परवा एक मोटरसायकलवाला बाजूने जाताना ओरडला, "अरे दादा, हरा है, सो गए का?"

रपट्यापाशीही तेच. आता नाल्याला पाणी नाही, सिमेंट वाळून पांढरं पडलंय, पलीकडे घर दिसतं. ती म्हणते, "लाल." मी इंजिन बंद करतो. उतरून दोन्ही चाकांच्या कळा फिरवतो, आत येऊन बसतो. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. डावीकडचा पट्टा लावलेला असतो. मी लावत नाही. मग कधीतरी ती गप्प होते, आणि मी गाडी काढतो.