उद्या बोलू

"सिस्टर, जरा बोलायचं होतं."

आमचे जुने पेशंट मास्तर, त्यांच्या मशीनच्या नळ्या मी भरून घेत होते. हात जागच्या जागी थांबला. मागे वळून न बघताही कळलं, नवी नर्स उभी आहे. आमच्या डायलिसिसच्या विभागात येऊन तिला पुरते तीन आठवडेही झाले नव्हते.

"आत्ता नको गं," मी म्हणाले. "आधी खिडकीजवळच्या आजींचं वजन घे."

"पण सिस्टर, दोनच मिनिटं..."

"जा म्हटलं ना!"

ती गेली आणि मी सुटले.

यात एवढं घाबरण्यासारखं काय होतं, ते सांगायला हवं. बावीस वर्षं मी नर्स आहे, त्यातली नऊ वर्षं इथे इन्चार्ज होते. रक्त, उलटी, पेशंटच्या नातेवाइकांचा आरडाओरडा, कशानेही माझा हात थरथरत नाही. पण 'जरा बोलायचं होतं' हे तीन शब्द ऐकले की माझं धाबं दणाणायचं. आमच्याकडे राजीनामा असाच यायचा. कागद नंतर. आधी मुलगी जवळ येऊन उभी राहायची, खिशातल्या पेनाशी चाळा करायची, खाली बघायची आणि हे तीन शब्द बोलायची. मग कुणाला परदेशी जायचं असायचं, कुणाचं लग्न ठरलेलं असायचं, एकीला तर नुसतं झोपायचं होतं. दोन वर्षांत अकरा जणी गेल्या, आणि आमच्याकडे जागा आहेत सहा. घरी एकदा नवऱ्याने "अगं, जरा बोलायचं होतं" अशी सुरुवात केली, तर मी हातातलं पातेलं टाकून ओरडले, "तुम्हीपण चाललात?" त्यांना नळ दुरुस्त करणाऱ्याबद्दल बोलायचं होतं. आल्यागेल्याला ते अजून हे रंगवून सांगतात.

दवाखान्याच्या मनुष्यबळ विभागात एक साहेब आहेत. माणूस वाईट नाही. त्यांनी एकदा बोलावून सांगितलं, "सिस्टर, तुमच्याकडची गळती फार आहे." मी म्हटलं, "नाही हो साहेब, सगळे जोड कालच तपासलेत." आमच्याकडे गळती म्हणजे नळीतून थेंब पडणं. त्यांच्याकडे गळती म्हणजे माणसं नोकरी सोडून जाणं. ती थांबवायला त्यांनी उपायही केले. वाढदिवसाला केक आला. भिंतीवर 'आपण सारे एक कुटुंब' असा फलक लागला. सूचनांची पेटी आली, तिच्यात वर्षभरात एकच चिठ्ठी पडली, 'पंखा दुरुस्त करा'. सहा जणींचं काम चौघींनी करायचं, हे मात्र होतं तसंच राहिलं. मी माझ्या परीने मुलींच्या पाळ्या स्वतःच्या अंगावर घेत होते, माझ्या सुट्ट्या त्यांना देत होते, कुणी चिडली तर तिच्या मागेमागे फिरत होते. तरी त्या जात होत्या.

मग साहेबांनी शेवटचं सांगितलं. या तिमाहीत आणखी एक जरी नोकरी सोडून गेली, तर विभाग बंद करायचा आणि पेशंट मोठ्या दवाखान्याकडे पाठवायचे, असं वर ठरलं होतं. मोठा दवाखाना अडीच तासांवर. आमचे पेशंट आठवड्यातून तीनदा येतात. चार तास मशीनवर पडून राहायचं आणि वर जायला-यायला पाच तास. मास्तरांसारखी माणसं हे किती दिवस काढतील, याचा हिशेब मला करवत नव्हता. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता. नवी मुलगी जरा गप्प बसली तरी मला घाम फुटायचा.

त्या दिवशी तिमाहीचा शेवटचा दिवस होता. तेवढा एक दिवस निभावला की झालं. उद्या कुणीही काहीही बोलो.

मास्तर शाळेतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेले. मशीनला जोडलं की चारही तास त्यांचं तोंड सुरू. आम्हा नर्सेसना शुद्धलेखन शिकवायचे. काठी टेकत घरून एकटे चालत यायचे, त्याचा त्यांना भारी अभिमान. त्या दिवशी मात्र गप्प होते. मशीन सुरू करण्याआधी आम्ही काही ठरलेले प्रश्न विचारतो, ते मी विचारले. ताप? नाही. कुठून रक्त आलं? नाही. पडलात, लागलं कुठे?

"छे हो! मी काय पडतोय?" मास्तर जरा मोठ्यानेच म्हणाले.

पलीकडून नवी माझ्याकडे बघत होती. डोळे मोठे, ओठ घट्ट मिटलेले. मी ती नजर पाहिली आणि तिचा माझ्या मनाने जो अर्थ लावला, तो एकच होता. मी मान खाली घातली. नळ्यांमध्ये रक्त गोठू नये म्हणून एक औषध देतात, त्याने रक्त पातळ राहतं. नव्या मुलींवर माझा विश्वास नसतो, म्हणून ते औषध मीच देते. तेव्हाही मीच दिलं.

तासाभराने नवी पुन्हा आली. मी औषधांच्या खोलीत होते. तिने दार लोटून घेतलं, तेव्हा तर माझी खात्रीच पटली. दार लावूनच सगळ्या बोलतात.

"सिस्टर, मला राहवत नाहीये. जरा..."

"मला वर बोलावलंय," मी खोटं बोलले आणि तिच्या शेजारून बाहेर पडले. जिन्यापर्यंत गेले, दहा पायऱ्या चढले आणि उगाचच पाच मिनिटं तिथे उभी राहिले. बावीस वर्षांची नोकरी झालेली बाई, आणि लपाछपी खेळत होते.

तिसऱ्यांदा तिने माझा हातच धरला. तिचा हात बर्फासारखा गार होता. "सिस्टर, तुम्ही फक्त ऐकून घ्या."

मी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. अगदी प्रेमाने. "हे बघ, मला सगळं कळतंय. तुझं म्हणणं बरोबरच असेल. पण आजचा एक दिवस काही बोलू नकोस. उद्या बोलू. तुला माझी शपथ आहे."

तिचे डोळे भरून आले. "तुम्हाला कळलंय?"

"कळलंय गं. सगळं कळलंय."

तिच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. मोठ्या सिस्टरांना माहीत आहे म्हणजे आता काळजी नाही, असं तिला वाटलं असणार. आणि मला वाटलं, वाचले.

पाऊण तासाने मास्तर म्हणाले, "सिस्टरबाई, डोकं फार दुखतंय." मग उलटी झाली. मी रक्तदाब घेतला, आकडा भलताच वर गेला होता. "मास्तर, माझ्याकडे बघा. काय होतंय?" ते काहीतरी बोलले, पण शब्द सगळे एकमेकांत मिसळले होते. उजवा हात उचला म्हटलं, तर डावा उचलला.

मी ओरडले, "डॉक्टरांना बोलवा! हे मशीन बंद करा!"

नवी धावत आली आणि मास्तरांच्या डोक्यामागे हात घालून रडायला लागली. "इथेच लागलंय सिस्टर, इथेच. काल न्हाणीघरात पडले होते. नळावर आपटलं डोकं. मला वजनाच्या काट्यावर सांगितलं. मुलाला कळलं तर एकट्याला बाहेर सोडणार नाही म्हणाले, कुणाला सांगू नकोस म्हणाले. मी फक्त तुम्हाला सांगणार होते."

डोक्याला मार लागलेल्या माणसाला रक्त पातळ करायचं औषध देत नाहीत. पहिल्या वर्षाच्या मुलीलाही हे शिकवतात. आणि ते औषध माझ्या हाताने गेलं होतं.

मास्तरांना अतिदक्षता विभागात नेलं. डोक्यात रक्तस्राव झाला होता. मुलगा आला, बाकावर बसला आणि वडिलांची काठी मांडीवर घेऊन दाराकडे बघत राहिला. मी त्याच्यासमोरून तीनदा गेले. थांबायची हिंमत झाली नाही.

दुपारी साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं.

"तुला माहीत होतं ते पडलेत म्हणून?" त्यांनी नवीला विचारलं.

"हो सर."

"मग सांगितलं का नाहीस?"

ती माझ्याकडे बघेल म्हणून मी श्वास रोखून बसले होते. तिने बघितलं नाही. "चुकलं माझं," एवढंच म्हणाली. तिला त्यांनी बाहेर बसायला सांगितलं.

दार लागल्यावर साहेब आवाज उतरवून म्हणाले, "तुम्ही घाबरू नका, सिस्टर. हिला आजच कमी करू. लपवलं तिने."

"पण साहेब, आज शेवटचा दिवस. आपली ती गळती..."

"आपण कमी केलं तर ते गळतीत धरत नाहीत. स्वतःहून सोडलं तरच गळती." मला धीर द्यायलाच ते बोलत होते. "तुमचा विभाग सुरक्षित आहे."

लिहायला लाज वाटते, पण क्षणभर मला हायसं वाटलं. विभाग वाचत होता. माझी इन्चार्जची खुर्ची वाचत होती. मुलगी लहान आहे, मिळेल कुठेतरी दुसरी नोकरी, इथपर्यंत माझं मन जाऊन पोचलं होतं. मग काचेतून ती दिसली. बाहेरच्या खुर्चीत ताठ बसली होती, परीक्षेच्या वर्गात बसतात तशी. आणि मला माझीच भीती वाटली. अशी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"ती आली होती सांगायला," मी म्हणाले. "तीनदा."

"कुणाकडे?"

"माझ्याकडे. मी ऐकून घेतलं नाही."

"का?"

"मला वाटलं, नोकरी सोडतेय. आजचा दिवस टाळायचा होता."

समोरच्या कागदावर तिमाहीचा तक्ता होता, तो साहेबांनी पालथा घातला. "हे तुम्ही लेखी द्याल?"

"द्या कागद."

अक्षर वेडंवाकडं आलं, पण सगळं लिहिलं. इन्चार्जपद त्याच आठवड्यात गेलं. चौकशी लागली, ती अजून चालू आहे. पत्र आलं की पाकीट नवरा फोडतो, मला उघडवत नाही. नवीला समज देऊन कामावर ठेवलं. या प्रकारामुळे विभाग बंद करायचं पुन्हा निघालं होतं, ते पेशंटच्या घरच्यांनी आरडाओरडा केल्यावर पुढे ढकललं. किती पुढे, ते कुणी सांगत नाही.

नवी आठ दिवसांनी गेली. माझ्याकडे आली ती कागद घेऊनच. "सिस्टर, मला आता पेशंटला हात लावायचीच भीती वाटते," म्हणाली. थांबवायला माझ्याकडे बरंच काही होतं, इतक्या जणींवर वापरून झालेलं. त्यातलं काही मी काढलं नाही. तिला गेटपर्यंत सोडायला गेले. रस्त्यात ती तिच्या आईबद्दल, बसच्या वेळांबद्दल, पहिल्या दिवशी मशीनचा भोंगा ऐकून कशी दचकली त्याबद्दल बोलत राहिली आणि मी ऐकत राहिले.

पाच आठवड्यांनी मास्तर परत आले. चाकांच्या खुर्चीत, मुलगा मागून ढकलत होता. उजवी बाजू गेलेली, वाचाही गेल्यात जमा. पण डायलिसिस कुणाला चुकत नाही. नव्या इन्चार्जबाईंनी त्यांना माझ्याच मशीनवर दिलं. मुलगा माझ्याकडे न बघताच बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. मी त्याच्या पाया पडले असते, पण तोही माझाच सोयीचा मार्ग झाला असता.

मी मास्तरांच्या हाताला रक्तदाबाची पट्टी बांधत होते, तेवढ्यात त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट पकडलं. त्यांना काहीतरी सांगायचं होतं.

"म..."

"मान दुखते?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"मुलाला बोलावू? मशीनचा त्रास होतोय?"

नाही. नाही. चिडून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चार तास अखंड बोलणारा माणूस. नव्या इन्चार्जबाईंनी पलीकडून हाक मारली, "सिस्टर, इकडे या जरा." दुसरी नर्स तिकडे गेली. तो शब्द काय निघेल, याची मला भयंकर भीती वाटत होती. त्यांनी मला जो दोष द्यायला हवा होता, तोच त्या शब्दातून निघाला तर?

मी अंदाज सांगणं थांबवलं. स्टूल ओढलं आणि त्यांच्या समोर बसले.

"सावकाश, मास्तर," मी म्हणाले. "मी आहे इथे."

त्यांनी श्वास घेतला आणि तो शब्द पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू केला.