तानाजीच्या दाताचा चहा

कापसात ठिबकची नळी जोडताना तानाजीचा पुढचा दात तुटला. नळीच्या टोकाचं बूच काही केल्या निघंना, म्हणून त्यानं ते दातात धरून हिसडा दिला. बूच जागेवरच राहिलं, दाताचा तुकडा मात्र ढेकळात पडला. मी शेजारच्या रानात म्हशीला गवत कापत होतो. तुकडा मुठीत धरून तो माझ्याकडं आला.

"काका, बघा बरं. लई दिसतंय का?"

"दिसायला काय राहिलंय? खिडकीच उघडलीय."

तो मटकन बांधावर बसला. उद्या सकाळी नांदूरघाटचे भगवानराव घर बघायला येणार होते. संगं त्यांची लेक मंजुषाही येणार होती. पोरगं शेती करतंय म्हटलं की सोयरीक चकलांब्याच्या फाट्यावरनंच माघारी फिरायची. ही पोरगी शेतकरी चालंल म्हणाली होती, पण घर अन् नवरा सोता बघूनच.

तिथनंच तानाजीनं गेवराईच्या दाताच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर आज बाहेरगावी, उद्या रविवार, दवाखाना बंद. डॉक्टर म्हणाले, "सोमवारी या. तोवर मिठाच्या पाण्यानं चुळा भरा. दाताची धार जिभेला लागत असेल तर तिच्यावर मेण बसवा. तुकडा दुधात ठेवा, बसवता आला तर बघू."

"चपलेचा गोंद लावून बघू का?"

डॉक्टर म्हणाले, "नका लावू."

घरी सुंदररावांनी पोराला चांगलंच धुतलं. "दात जेवायला असतेत का पान्हा म्हणून वापरायला बे?"

छबुबाईनं मेणबत्तीचं मेण मऊ करून पोराच्या दाताला लावलं आणि बजावलं, "उद्या तोंड उघडायचं न्हाई. काय इच्यारलं तर मान हालवायची." मग माझ्याकडं वळली, "भाऊजी, तुमी त्याच्या शेजारी बसा अन् तुमीच बोला."

बाप पुन्हा सुरू होईल या भीतीनं तानाजीनं तुकडा गुपचूप वाटीभर दुधात टाकला, वर ताटली झाकली आणि वाटी फ्रिजात ठेवली. आईलासुद्धा सांगितलं नाही.

सकाळी धार काढताना म्हशीनं लाथ मारली आणि सगळी चरवी उलटली. पाहुणे तर दारात आलेले.

बैठकीत भगवानरावांनी विचारलं, "शिक्षण किती झालं?"

तानाजीनं मान हलवली.

"बी.ए. झालाय," मी म्हणालो.

"कापूस कसा हाय औंदा?"

पुन्हा मान. पुन्हा मी. भगवानरावांनी एकदा त्याच्या बंद ओठांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. तोंडात गुटख्याची पुडी आहे का पोरगं मुकं आहे, याचा त्यांना अंदाज लागंना. तेवढ्यात चहा आला. सगळ्यांनी फुर्रकन प्याला. तानाजीनं तेवढा कपाला हात लावला नाही, गरम लागलं की दातातनं कळ निघत होती.

मंजुषा कप ठेवायला म्हणून आत गेली, ती गाळणी हातात घेऊन बाहेर आली.

"आमच्याकडं चहात विलायची टाकतेत. तुमी हे काय टाकलंय?"

पत्तीत पांढरा तुकडा चमकत होता. तानाजीचे डोळे मोठे झाले. छबुबाई वाकून बघत म्हणाली, "खडीसाखर असंल. फ्रिजातल्या वाटीतलं दूध टाकलं, त्यात हुती का काय की."

मंजुषानं तो चिमटीत उचलला.

"खडीसाखर न्हाई ती," तानाजी बोलला. "माझा दात हाय."

सुंदररावांनी आपल्या रिकाम्या कपात डोकावून पाहिलं. भगवानरावांनी कप सावकाश खाली ठेवला.

"म्हंजी आमी पिलो ते..."

"उकळलेलं हुतं, मामा."

मंजुषा पदरात तोंड खुपसून हसत खाली बसली. हसू जरा ओसरल्यावर तिनं विचारलं, "मघापासून बोलत कावून नव्हता?"

"तुटका दात बघून तुमी माघारी जाल म्हणून."

"मग आता कावून बोललात?"

"खडीसाखर म्हणून तुमी तोंडात टाकली असती तर?"

तिनं तुकडा पाण्यानं धुतला, रुमालात बांधला आणि त्याच्या हातात दिला. मग बापाकडं बघून हळूच मान हलवली.

भगवानरावांनी घसा खाकरला. "वहिनी, अजून एक चहा ठेवा. कोरा ठेवा."

तो चहा त्यांनी आधी बशीत ओतला, बशी उजेडाला धरून नीट निरखली आणि मगच प्याले. उठताना सुंदररावांना म्हणाले, "बेस्तरवारी सुपारी फोडायला या." उंबऱ्यात थांबून तानाजीकडं वळले. "अन् जावईबापू, सुपारी आमी अडकित्त्यानं फोडू. तुमी मधी पडू नका."