अन्नलक्ष्मीच्या विहिरीचे पाणी

मित्रांनो, तुम्ही मला रस्त्यात पाहिलेत तर आधी हसाल, याची मला खात्री आहे. माझे एक दार दोरीने बांधलेले आहे आणि चढ लागला की मी दमेकऱ्यासारखी खोकते. मी एक जुनी ऑस्टिन गाडी आहे. जाफन्याच्या बसस्थानकासमोर भाड्याच्या गाड्या लागतात, तिथे मी उभी असते. माझ्या बरोबरीच्या बहुतेक जणी मोडीत निघाल्या. आम्ही चौघी उरलो आहोत.

जन्म माझा इंग्लंडातला. बोटीने कोलंबोला उतरले, तिथून उत्तरेला आले आणि कायमची इथलीच झाले. माझ्या मालकांचे नाव कंदप्पू. माणूस मोठा हट्टी होता. पाण्याच्या बाबतीत तर त्यांच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे. आमच्याकडे नदी नाही. जे काय पाणी आहे ते विहिरींचे, आणि त्यातल्या बऱ्याच खाऱ्या. खाऱ्या पाण्याने माझ्या रेडिएटरमध्ये पांढरा थर धरतो आणि मग मी जरा पळाले की तापते. म्हणून कंदप्पू दर शुक्रवारी एकाच विहिरीवर जात. ती विहीर अन्नलक्ष्मीची. नवरी होऊन ती त्या घरी आली तीसुद्धा माझ्यातूनच, माझ्या टपावर मोगऱ्याच्या माळा सोडून. तिच्या विहिरीचे पाणी असे गोड की सगळी गल्ली घागरी घेऊन तिच्या अंगणात उभी असे.

कंदप्पू आधी ओंजळभर पाणी स्वतः पीत, मग मला पाजत. "जे मी पिणार नाही, ते माझ्या गाडीलाही नाही," असे ते म्हणत. मागच्या सीटवर त्यांचा लेक तवरासा बसलेला असे. तोही खाली उतरून ओंजळ पुढे करी.

मग युद्ध आले. पेट्रोल दिसेनासे झाले. कंदप्पूंनी माझ्या इंजिनाशेजारी सलाईनची बाटली टांगली. तिच्यातले पेट्रोलचे चार थेंब पाजून मला जागे करायचे आणि मग रॉकेलवर पळवायचे, असा उद्योग आम्ही कित्येक वर्षे केला. काळा धूर सोडत का होईना, मी दवाखान्याच्या वाऱ्या केल्या. त्या काळात लोक मला हात लावून नमस्कार करीत. खोटे कशाला सांगू, मला ते फार आवडे.

आणि एके दिवशी सगळे शहरच निघाले. लाखो माणसे एका रस्त्यावर आली. अन्नलक्ष्मी आपल्या मुलीला घेऊन माझ्यात बसली, तेव्हा तिच्या चुलीवर भात तसाच होता. मागे वळून पाहायलाही कुणाला सवड नव्हती. पूल ओलांडल्यावर मात्र ती एकाएकी रडू लागली. "कंदप्पू अण्णा, घराला येते म्हणायचं राहिलं हो," एवढेच ती म्हणत होती.

पुढे ती कॅनडाला गेली. कंदप्पू वारले. आम्ही परतलो, पण ती गल्ली ज्या भागात होती तिथे बरीच वर्षे लष्कर कुणाला जाऊ देत नव्हते. तो भाग उघडला तेव्हा ताडाच्या झावळ्यांची कुंपणे गेली होती, सिमेंटच्या भिंती आल्या होत्या आणि रस्त्यावर डांबर होते. गाडीला रस्ता खड्ड्यांवरून कळतो, मित्रांनो. खड्डेच बुजवले तर मी काय ओळखणार? तवरासा आता मला चालवतो. तो मला नळाचे पाणी घालतो आणि मी तापत राहते.

मागच्या श्रावणात एका सकाळी एक मुलगी गाड्यांच्या रांगेपुढून चालत आली आणि माझ्यापाशी थांबली. तिचे नाव सारुजा. पायात पांढरे बूट आणि हातात विकतच्या पाण्याची बाटली. पण ती बोलू लागली आणि तवरासाला हसूच फुटले. ती तमिळ अम्मम्माकडून, म्हणजे आजीकडून, शिकली होती, त्यामुळे तेवीस वर्षांची पोर सत्तरीच्या बाईसारखी बोलत होती.

"मामा, माझ्या अम्मम्माच्या लग्नाच्या फोटोत अशीच गाडी आहे. आज माझा इथला शेवटचा दिवस. पाच वाजता विमानतळाची व्हॅन निघते. त्याआधी मला अम्मम्माचं घर शोधायचंय. अन्नलक्ष्मी तिचं नाव."

माझ्या अंगात ठिणगी पडली. पण मला कुठे बोलता येते?

"पत्ता काय?" तवरासाने विचारले.

"पिळ्ळैयारच्या देवळामागची गल्ली." पिळ्ळैयार म्हणजे तुमचा गणपती, मित्रांनो.

"अगं पोरी! इथं दर दोन गल्ल्यांआड एक पिळ्ळैयार बसलाय. हा काय पत्ता झाला? समुद्रात जाऊन मीठ शोधण्यासारखं आहे हे. तिचं नाव वडिलांच्या तोंडून ऐकलंय, पण गल्ली? शहर सोडलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. बस, बघू."

आम्ही सकाळपासून सारे शहर पालथे घातले. पण मी शहराकडे पाहतच नव्हते, मी सारुजाला पाहत होते. पांढऱ्याशुभ्र ग्रंथालयासमोर ती उतरली आणि किती तरी वेळ नुसती उभी राहिली. "हे जळलं होतं ना? आणि पुन्हा बांधलं?" असे तिने दोनदा विचारले. बाजारात ताडगुळाचा खडा तोंडात टाकून तिने डोळे मिटले. मी याच रस्त्यांवर इतकी वर्षे पळते आहे आणि कुरकुरत होते फक्त खड्ड्यांबद्दल. तिचे ते मोठे झालेले डोळे पाहून मलाच नवल वाटू लागले. एवढे होऊनही हे शहर उभे आहे! दिवे लागतात, शाळा भरतात, लोक आईस्क्रीम खायला रांगा लावतात. हे मी कधी पाहिलेच नव्हते.

चार देवळे झाली, सहा गल्ल्या झाल्या. अन्नलक्ष्मीला ओळखणारे कुणी भेटले नाही. तीन वाजले. सारुजाने घड्याळ पाहिले. "अम्मम्माला आता बरंचसं विसरायला होतं," ती हळूच म्हणाली. "पण या घराचं मात्र रोज विचारते. पुढच्या खेपेपर्यंत ती असेल की नाही, कुणास ठाऊक."

तेवढ्यात मी तापले. मुद्दाम नाही हो, खरेच तापले. एका निळ्या फाटकासमोर वाफा सोडत बंद पडले. तवरासाने मला मनसोक्त शिव्या घातल्या आणि फाटक वाजवले.

पन्नाशीची एक बाई बाहेर आली. सिवमलर तिचे नाव, हे मला नंतर कळले.

"अम्मा, गाडी तापलीय. बादलीभर पाणी मिळेल?"

"पाण्याला कुणी नाही म्हणतं का? काढून घ्या," ती म्हणाली. मग तिची नजर पांढऱ्या बुटांवर गेली. "ही कोण?"

"कॅनडाची पाहुणी. आजीचं घर शोधतेय. अन्नलक्ष्मी म्हणून कुणी—"

"नाही. असं कुणी नव्हतं इथं." बाईचा चेहरा दार लावावे तसा बंद झाला. "पाणी घ्या आणि निघा. मला कामं पडलीत."

तवरासाने विहिरीतून बादली ओढली. वडिलांच्या सवयीप्रमाणे त्याने आधी ओंजळ तोंडाला लावली. आणि तो तसाच उभा राहिला. पुन्हा ओंजळ भरली, पुन्हा प्यायला.

"मामा, काय झालं?"

"पोरी," तो ओंजळीकडे पाहत म्हणाला, "हे बाबांचं पाणी आहे."

मी निवल्यावर त्याने ते मला पाजले. काय सांगू तुम्हाला! तीस वर्षांत घरे गेली, झाडे गेली, माणसे देशोधडीला लागली, आणि जमिनीखालचे हे पाणी होते तितकेच गोड राहिले होते. थक्क होणे म्हणजे काय, ते मला त्या घटकेला समजले.

सिवमलर फाटक धरून उभी होती. सारुजा तिच्याजवळ गेली. "अम्मा, मला घर नकोय. कागद नाही आणले, वकील नाही आणला. निघताना अम्मम्माचं घराला 'येते' म्हणायचं राहिलं होतं. तेवढं उंबऱ्यावर म्हणू द्या, मग मी निघते."

सिवमलरने फाटकावरचा हात काढला. मग म्हणाली, "माझ्याही घरात दुसरंच कुणी राहतंय, समुद्राकडे. एकदा बघायला गेले होते. त्यांनी दारातूनच हाकललं मला." तिने पदराने तोंड पुसले. "आणि आज मीही तेच करत होते. ये, आत ये."

तिने पितळी तांब्यातून पाणी आणले. सारुजाने विकतची बाटली पायरीवर ठेवली आणि तांब्या वर धरून घटाघटा प्यायली. नवे बूट भिजले. मग तिने फोन लावला. तिकडे पहाट होती, पण अन्नलक्ष्मी जागीच होती. तोच आवाज, फक्त बारीक झालेला.

"पाणी कसं आहे गं?"

"गोड आहे, अम्मम्मा."

"आणि कडुनिंब?"

उत्तर सिवमलरनेच दिले. "आहे, अक्का. गेल्या वर्षी फांद्या छाटल्या, पण आहे."

"पाण्याला कुणाला नाही म्हणू नकोस हं."

"नाही म्हणत. सगळी गल्ली इथंच भरते."

सारुजाने उंबऱ्यावर हात ठेवला. "येते," फोनमधून आवाज आला.

साडेचार होत आले होते. सारुजा घाईघाईने माझ्यात बसली. "जाते, अम्मा."

"जाते काय?" सिवमलर कडाडली. "आजीचं ऐकून एवढी लांबून आलीस आणि तीच चूक करतेस? येते म्हण!"

"येते," सारुजा म्हणाली, आणि रडता रडता हसली.

मित्रांनो, तुमच्या दारात कधी एखादी जुनी गाडी वाफा सोडत थांबली, तर तिला हसू नका आणि आतल्या माणसाला कुठून आलात असे विचारू नका. आधी पाणी द्या. आता तवरासा मला दर शुक्रवारी त्या विहिरीवर नेतो, आणि माझे तापणे बंद झाले आहे. आम्ही निळ्या फाटकाशी थांबलो की सिवमलर आधी माझ्या मागच्या सीटवर वाकून पाहते, आणि मग तवरासाला विचारते, "ती पोरगी नाही का आली अजून?"