चार बटणं

“आई, तुझा आराखडा पुरा होईस्तोवर बाबांनी काय मुकाट बसून राहायचं?”

लेकीचा प्रश्न तिला झोंबला. सगळी नोकरी तिने विमा कंपनीचे प्रोग्रॅम लिहिण्यात घालवली होती. आधी सगळा आराखडा, मग काम. अर्धवट काही कुणाच्या हातात द्यायचं नाही, ही तिथली शिस्त. पक्षाघाताने नवऱ्याची वाचा गेली, तेव्हा त्याच्यासाठी बोलणारा प्रोग्रॅम करायला ती त्याच शिस्तीने बसली. शेकडो शब्द, त्यांचे गट, गटांचे उपगट. तिकडे तो हातवारे करून थकत होता, चिडून उशी भिरकावत होता.

“चार बटणं दे. आजच,” लेक म्हणाली. “कमी पडलं तर कळेलच की.”

त्या संध्याकाळी टॅबलेटवर चार शब्द आले : पाणी, दुखतंय, हो, नाही. आवाज तिने स्वतःचाच भरला होता. नवऱ्याने डाव्या हाताने सगळी बटणं दाबून पाहिली आणि मग ‘नाही’ इतक्यांदा दाबलं, की लेक म्हणाली, “बघ, लग्नापासूनचं साठलेलं निघतंय!”

मग भर पडत गेली. पंखा, खिडकी, रेडिओ. तो काय मागतो ते बघायचं, तेवढंच वाढवायचं. आराखड्यातले निम्मे शब्द त्याला लागलेच नाहीत. पण प्रोग्रॅम आतून नुसता ठिगळांचा झाला. तिला ते बघवेना. एका रविवारी तिने सगळं नीट लावलं, बटणांच्या जागाही बदलल्या.

दुपारी त्याने ‘पाणी’ दाबलं. तिने पेला नेला. पुन्हा ‘पाणी’. पुन्हा पेला. शेवटी त्याने पेला उडवला आणि खांदा धरून रडू लागला. कालपर्यंत त्या जागी ‘दुखतंय’ होतं.

“चुकलं हो माझं,” गोळी देताना ती म्हणाली.

त्यानंतर जुनं बटण कधी हललं नाही. नवं येई ते खाली, कितीही वेडंवाकडं दिसलं तरी.

एका सकाळी तो रिकाम्या जागेवर बोट आपटू लागला.

“काय हवंय? चष्मा? पेपर?”

‘नाही.’ ‘नाही.’ मग बोट तिच्याकडे वळलं.

“मी? मी तर इथेच आहे.”

‘नाही.’

तिला एकदम आठवलं. लग्नानंतर तिला चिडवायला त्याने एक नाव ठेवलं होतं. त्याची वाचा गेल्यापासून ते घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

“सरकार?” तिने हळूच विचारलं.

‘हो.’

दार लोटून तिने ते नाव भरलं. स्वतःलाच हाक मारताना आवाज दोनदा अडखळला.

दुसऱ्या दिवशी ती भांडी विसळत असताना आतून तिचाच आवाज आला, “सरकार!”

ओल्या हातांनीच ती वळली. “आले हो, आले.”