थरथरीची नक्कल

राजकुमारला चारचौघांत शायनिंग मारायची खोड होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तसा माणूस वाईट नव्हता. खामगावात त्याचं औषधांचं दुकान होतं, दुकानाचं शटर ओढलं की स्टील गिटार, आणि तोंडात कायम एकच नाव, रहेमतुल्लाचाचांचं. चाचा कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होते. गिटार मांडीवर आडवी घ्यायची आणि डाव्या हातातलं गुळगुळीत लोखंड तारांवर सरकवायचं, की जुन्या गाण्यांचे शब्द ऐकणाऱ्याला आपोआप आठवायचे. ते लोखंडसुद्धा त्यांनी जिनिंगमधल्या एका तुटक्या दांड्यातून घासून घासून काढलेलं. त्याला ते नुसतं ‘स्टील’ म्हणत. राजकुमार त्यांच्या हाताखाली सतरा वर्षं शिकला.

दोन वर्षांपूर्वी चाचांचा डावा हात थरथरायला लागला. सूर जागेवर ठरेना. शेवटी यंदा राजकुमारनंच पुढाकार घेऊन त्यांचा सत्कार ठरवला, रविवारी सकाळी, मंगल कार्यालयात. चाचा म्हणाले, “आखरीचं वाजवतो. मंग हे स्टील तुले देतो, सगळ्या लोकाईसमोर.” झालं! पुढचे आठ दिवस राजकुमारचे पाय जमिनीवर नव्हते.

त्यात त्यानं वायरलेस मागवलं. अंगठ्याएवढी डबी गिटारीत खोचायची, दुसरी साउंडवाल्याकडे, मधे वायर नाही. एक जोडी चाचांना, एक स्वतःला.

“मी बसून वाजवतो बे,” चाचा म्हणाले. “मले स्टेजवर कुठं पळायचं हाय? वायर असली म्हणजे आपला आवाज कुठं जाऊन राह्यला, ते दिसते तरी.”

“चाचा, जमाना बदलला,” असं म्हणून यानं डबी खोचलीच. शहाणा ना!

रविवारी हॉल गच्च भरला. चाचांना शाल पांघरली, ती पुढे घसरून मांडीवरच्या गिटारीवर पसरली, आणि हात शालीखाली घेऊन ते गुपचूप बसले. उत्तमराव अध्यक्ष. त्यांचं भाषण संपता संपेना. पडद्यामागे राजकुमार गिटार मांडीवर घेऊन तयार बसलेला, आणि शेजारी ऑर्केस्ट्रात गाणारी पायल.

“दादा, चाचांचा हात आज कसा चालंल हो?” तिनं काळजीनं विचारलं.

काळजीच होती बिचारीची. पण राजकुमारला काय अवदसा आठवली कोण जाणे. “कसा चालंल? असा!” म्हणत त्यानं आपलं स्टील तारांवर टेकवलं आणि मनगट लटलट हलवलं. सूर डळमळत, घसरत, रडत वर गेला. हुबेहूब चाचा. पायलला हसू फुटलं, तिनं ओढणी तोंडावर दाबली. मग काय विचारता, यानं आणखी रंगवून दुसऱ्यांदा वाजवलं.

पायलचं हसू एकदम थांबलं. तिचं बोट त्याच्या गिटारीकडे गेलं. डबीवरचा हिरवा दिवा सुरू होता. सकाळी तपासताना लावलेला, बंद करायचा राहून गेलेला. बाहेर उत्तमराव बोलायचे थांबले होते, आणि हॉलमधून दबकी खसखस ऐकू येत होती.

राजकुमारनं पडद्याच्या फटीतून पाहिलं. चाचा सरळ त्या पडद्याकडेच बघत होते. क्षणभरच. मग त्यांनी शालीखालून हात बाहेर काढला, त्यात स्टील होतं, आणि माइककडे झुकून ते म्हणाले, “माफ करजा उत्तमराव. तुमचं भाषण चालू अन् माहा हात पडला तारांवर. काय करता, आता हा माह्यं ऐकतच नाही.”

हॉल मायेनं हसला. टाळ्या पडल्या.

पुढे चाचांनी न वाजवताच राजकुमारला स्टेजवर बोलावलं, तेव्हा तो कसा चालत गेला ते त्याचं त्यालाच ठाऊक. माइक हातभर अंतरावर होता. ‘ते मी वाजवलं,’ एवढंच म्हणायचं होतं. जीभ उचलली नाही. चाचांनी त्याच्या तळहातावर स्टील ठेवलं आणि लोकांना सांगितलं, “ह्याचा हात साफ हाय. माह्याहून साफ.” त्या टाळ्या त्याला थोबाडीत बसल्यासारख्या लागल्या. मग त्याच स्टीलनं तो वाजवायला बसला, तर त्याचाच हात थरथरायला लागला, आणि पहिल्या रांगेतल्या बाया डोळे पुसत एकमेकींना म्हणाल्या, “भरून आलं हो पोराले.”

कार्यक्रम आटोपला. चाचा मागच्या दाराशी चपला शोधत होते. राजकुमार मान खाली घालून समोर उभा राहिला.

“चाचा, ते मी वाजवलं होतं.”

“सतरा सालं शिकवलं तुले. तुहा हात मी ओळखनार नाही काय?”

“मंग काऊन झाकलं तुम्ही?”

“मले हसले, तर एका बुढ्याले हसले. तुले नावं ठेवली असती, तर मी काय शिकवलं त्याले ठेवली असती.”

राजकुमारला रडू आवरेना. लाज वाटत होती, इतकी की चाचांनी दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं स्टील पुढे केलं. “हे मी घेऊ शकत नाही चाचा. वापस घ्या.”

“ठेव तुह्याजवळ. मले वाजवता येत नाही आता. ते तर तू सगळ्याईले ऐकवलंच.”

चपला सापडल्या, दाराच्या आडोशाला होत्या. सतरा वर्षांत प्रत्येक कार्यक्रमानंतर राजकुमारच त्या त्यांच्या पायात सरकवायचा. आजही तो सवयीनं खाली वाकला आणि त्यानं एक चप्पल पुढे धरली.

चाचांनी पाय मागे घेतला. भिंतीला धरून त्यांनी स्वतःच चपला घातल्या, वेळ लागला तरी.