आमच्या दारातली वर्दळ

माझी बायको गेली त्या दिवशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक माणूस घडीच्या स्टुलावर बसून माणसं मोजत होता. मी त्याला पाहिलं होतं. डोक्यावर कापडी टोपी, हातात खटक्याचं छोटं यंत्र. आमच्या दारात कोणी शिरलं की तो अंगठ्याने खटका दाबायचा. मला वाटलं, तिच्या माहेरकडचा कोणी लांबचा माणूस असेल, आत यायला संकोचत असेल. मी त्याला चहा पाठवला. तो त्याने घेतला.

तो सरकारी माणूस होता. कुठल्या भागात किती वर्दळ आहे याची पाहणी चालली होती आणि आमच्या गल्लीचा नंबर नेमका त्या दिवशी लागला होता.

बायको बाहेरच्या खोलीत चेन दुरुस्त करायची. पिशव्यांच्या, दप्तरांच्या, स्वेटरच्या, पँटच्या. रनर बदलायची, दात सरळ करायची, चेन अडकत असेल तर मेणबत्ती घासून द्यायची. गावात प्रत्येकाकडे काही ना काही तिने लावलेलं होतं, त्यामुळे त्या दिवशी सगळं गाव आलं. खोली लहान. लोक पुढच्या दाराने येत, तिला बघत, स्वयंपाकघरातून मागच्या दाराने बोळात उतरत आणि वळसा घालून परत पुढे येऊन उभे राहत. जाणार कुठे? पुढची गर्दी सरकली की ते पुन्हा आत ढकलले जात. टोपीवाल्याने त्यांना दर वेळी नव्याने मोजलं. डबे घेऊन आलेल्यांना त्याने ‘मालवाहतूक’ या सदरात टाकलं, हे मला नंतर कळलं.

काही महिन्यांनी एक साहेब आले. हातात फुलांचा गुच्छ. मला वाटलं, उशिरा भेटायला आलेत. मी खुर्ची पुढे केली.

“अभिनंदन, काका,” ते म्हणाले.

“कशाचं?”

“तुमचं घर या सबंध पट्ट्याचं विकासकेंद्र म्हणून निवडलं गेलंय.”

साहेबांनी मला समजावून सांगितलं. हा पट्टा मागासलेला. आजवर सरकार सगळीकडे थोडं थोडं शिंपडत आलं आणि कुठेच काही उगवलं नाही. आता नवीन धोरण आलंय. जिथे मुळातच वर्दळ आहे अशी एकच जागा शोधायची, सगळं तिथेच ओतायचं, मग विकास तिथून आपोआप चहूकडे पसरतो. सबंध पट्ट्यात सर्वांत जास्त वर्दळ माझ्या दारात सापडली. दुसऱ्या नंबरवर धान्याचा बाजार होता, पण तो आमच्या निम्म्यानेही नव्हता.

“फक्त लोक कशासाठी येतात ते आम्हाला नीट कळलेलं नाही,” साहेब म्हणाले. “आकर्षण नेमकं काय आहे इथे?”

“माझी बायको वारली होती.”

साहेबांनी पेन काढलं. “आणि असं साधारण किती दिवसांनी होतं?”

“एकदाच झालं.”

त्यांनी थोडा विचार केला. “म्हणजे हंगामी,” ते म्हणाले.

माणूस वाईट नव्हता. निघताना तिच्या कामाच्या टेबलासमोर मान खाली घालून बराच वेळ उभा राहिला. मग गाड्या कुठे लावता येतील ते विचारलं.

मी म्हटलं, “साहेब, चूक झालीय. खोडून टाका ना.”

“धोरण मंजूर झालंय, काका. आता फेरमोजणी झाल्याशिवाय काही हलत नाही. फेरमोजणी वर्षाने. तोवर तुम्ही विकासकेंद्र.”

“आणि मोजणाऱ्याला कळलं नाही घरात काय चाललंय ते?”

“त्याला विचारायची परवानगी नसते. विचारलं की मोजणी बिघडते.”

त्यानंतर विकास आला. गल्लीत रस्ता झाला, तो माझ्या उंबऱ्याला येऊन थांबला. दिवे लागले. बाकं आली, ती आमच्या भिंतीकडे तोंड करून बसवली, कारण पाहण्यासारखं जे काही होतं ते त्या बाजूला होतं. मोठ्या रस्त्यावर बाणाची पाटी लागली. आणि बस सुरू झाली. तिचा शेवटचा थांबा आमचं दार. कंडक्टर ओरडायचा, “विकासकेंद्र! चला, उतरा, उतरा!” मी तेव्हा दारात बनियन वाळत घालत असायचो.

कुठले कुठले लोक उतरायचे आणि माझ्याकडे बघत राहायचे.

“काय आहे हो इथे?”

“मी आहे.”

मग ते पाणी मागायचे, थोडा वेळ बाकावर बसायचे आणि त्याच बसने परत जायचे. एका जोडप्याने दाराची उंची मोजून नेली. त्यांना घर बांधायचं होतं.

मी कोणाला तोडून बोललो नाही. मी आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्या पंपावर काम केलं. वरून जे येतं ते पुढे सोडायचं, एवढं मला जमतं. पण त्या बसकडे मला बघवायचं नाही. पूर्वी गाडी मिळायची ती फक्त फाट्यावर. त्या सकाळी तिला छातीत कळ आली तेव्हा मी तिला धरून फाट्याकडे निघालो. ती चार पावलं चालायची, थांबायची. मध्येच मला म्हणाली, “मागचं दार उघडंच टाकून आलात ना?” मी म्हटलं, असू दे. तेवढ्यावरूनही तिने मला झापलं. फाट्यावर दगडावर बसली. गाडी आली तेव्हा तिला घरीच परत न्यायचं उरलं होतं. आणि आता बस उंबऱ्याशी येऊन उभी राहते. इंजिन चालू ठेवून. बस चांगली आहे. सीट मऊ आहेत.

वर्ष होत आलं तसे साहेब पुन्हा आले. या वेळी सोबत नकाशा होता.

“फेरमोजणीत आकडा टिकला की दुसरा टप्पा,” ते म्हणाले. “ही बाहेरची खोली माहिती दालन होईल. मधोमध काचेच्या पेटीत मॉडेल.”

“कसलं मॉडेल?”

“या घराचं.”

“घरात घराचं मॉडेल?”

“येणाऱ्याला घर समजायला नको का? दारात पुठ्ठ्याची छोटी छोटी माणसं असतील. गर्दी दाखवायला.”

“आणि हे सामान?”

साहेबांनी टेबलाकडे बघितलं. तिची मशीन, रनरचा पत्र्याचा डबा, मेणबत्तीचा तुकडा, खिळ्यांवर टांगलेल्या लोकांच्या पिशव्या. मी तिथलं काही हलवलं नव्हतं. धूळसुद्धा भोवतालून पुसायचो.

“हे गोदामात नीट ठेवू. पावती देऊ.”

“आकडा टिकला नाही तर?”

“मग खोली तुमचीच. बस, दिवे, बाकं, सगळं धान्यबाजाराकडे जाईल.”

साहेब गेल्यावर मला हलकं वाटलं. म्हटलं, सुटलो. आमच्याकडे आता कोण कडमडायला येतंय? मोजू दे त्या टोपीवाल्याला. खोली राहिली म्हणजे झालं.

संध्याकाळी समोरचा सलूनवाला आला. आम्ही एका वयाचे. विकास आल्यापासून त्याने दुसरी खुर्ची घेतली होती, पण त्याचं खरं काम बसशी होतं. त्याच्या आईची दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. मोठ्या दवाखान्यात तिला सारखं न्यावं लागतं. म्हातारी त्याला ‘रक्त धुवायला जाते’ म्हणते, धुण्याला निघाल्यासारखं.

“परवा मोजणी,” तो म्हणाला. “एक काम कर. तू नुसता आडवा पड.”

“मरू का?”

“मर कोण म्हणतंय? आडवा पड. पांघरूण घे. बाकीचं आम्ही बघतो. मोजणारा विचारत नाही ना काही? मग तू मेलास काय आणि झोपलास काय, त्याच्या बापाचं काय जातंय?”

“मी नाही पडणार.”

“बरं, बसून राहा. तोंड पाडलंस तरी चालेल. ते तुझं पडलेलंच असतं.”

“खोली जाईल रे माझी.”

तो म्हणाला, “बस गेली तर आईला परत सायकलवर बसवून फाट्यापर्यंत न्यायचं. मागे कॅरिअरला बांधून. तू बघितलंयस.”

“ही खोली तिची आहे,” मी म्हटलं.

“वहिनींची आहे. मी कुठे नाही म्हणतोय?” तो उठला. दारातून मशीनकडे एकदा बघितलं आणि गेला. तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

फेरमोजणीच्या दिवशी टोपीवाला त्याच जागी, त्याच स्टुलावर येऊन बसला. मी दाराला कडी घातली आणि आत बसलो. या वेळी त्याला चहा पाठवला नाही.

थोड्या वेळाने दारावर काठी वाजली.

“उघड रे!” सलूनवाल्याची आई होती. “मेलाबिला नाहीस ना?”

“नाही, मावशी.”

“मग उघड!”

दवाखान्यात जाऊन-येऊन अर्धी झालेल्या बाईला दाराबाहेर कसं उभं करायचं? मी कडी काढली. ती काठी टेकत आत आली, माझ्याकडे न बघता खोली ओलांडून स्वयंपाकघरातून मागे बोळात उतरली. आणि तिच्यामागून सगळी गल्ली आत शिरली. बाहेर खटका वाजायला लागला.

लोक पुढून येत होते, मागून जात होते, वळसा घालून पुन्हा येत होते. कंडक्टरही रांगेत होता, बस चालू ठेवून. ड्रायव्हर त्याच्यामागे. कोणी येताना स्वेटर घालून यायचं, पुढच्या फेरीला काढून यायचं. म्हणजे माणूस वेगळा वाटतो म्हणे. साहेब कोपऱ्यावर पाठ करून उभे होते आणि एका दिव्याच्या खांबाची फार बारकाईने तपासणी करत होते.

“आत जरा रेंगाळा!” खटके मोजत उभा असलेला सलूनवाला खिडकीतून सांगत होता. “पळू नका. शर्यत आहे का?”

म्हणून लोक खोलीत थांबायला लागले. थांबून करायचं काय? बघायला तेवढं टेबलच होतं.

“माझ्या दप्तराची चेन इथंच लावली होती,” एक बाई म्हणाली. “दप्तर फाटलं, चेन अजून धड आहे. ती आता उशीला लावलीय.”

“मला तीनदा उघडायला-लावायला लावली होती त्यांनी,” ड्रायव्हर म्हणाला. “पँटची. सगळ्यांच्या देखत.”

“अंगात होती?”

“मग काय खांद्यावर? म्हणतात, ‘उघडा. लावा. परत उघडा. घरी जाऊन अडकली तर मला सांगू नका.’”

खोलीत हसू फुटलं. या खोलीत वर्षभरात कोणी हसलं नव्हतं. मी म्हटलं, “ती ऐकायचीच नाही. माझ्या लग्नातल्या पँटची चेन तिनेच लावली, आणि मलाही तसंच उभं केलं होतं.”

“लग्नाच्या आधी?”

“आधी. म्हणून तर लग्न झालं.”

“‘ओढू नका हो, अलगद न्या. चेन ओढायची नसते,’” एकीने तिच्या आवाजात म्हणून दाखवलं. बऱ्यापैकी जमलं तिला. मी खिळ्यांवरच्या पिशव्या उगाच सारख्या केल्या.

कितव्या फेरीला कोण जाणे, सलूनवाल्याची आई आत आली आणि सरळ बायकोच्या स्टुलावर बसली. त्या स्टुलावर तिच्यानंतर कोणी बसलं नव्हतं. मी तोंड उघडलं.

“बसू का रे?” तिने विचारलं.

“बसलातच की.”

“फारच बुटकं आहे.”

“तिची उंची तेवढीच होती.”

“हो, मेली एवढीशी होती.” तिला धाप लागली होती. हातावर सुयांच्या जागा काळ्यानिळ्या झालेल्या. तिने मशीनवर तळवा टेकला आणि खिडकीकडे बघून विचारलं, “झालं का रे?”

“थोडे कमी पडतायत, आई!”

“किती थोडे?”

“थोडे म्हणजे... चल तू. एक-दोन फेऱ्या.”

म्हातारीने काठी रोवली. अर्धी उठली आणि परत खाली बसली. पुन्हा काठी रोवली. मी तिच्या गुडघ्यांकडे बघत होतो. ते माझी बायको फाट्याच्या वाटेवर थांबत होती तसे थांबत होते.

“मावशी, तुम्ही बसा,” मी म्हटलं.

“बसून कसं होईल?”

“बसा. मी जातो तुमच्या वाटची.”

मी स्वयंपाकघरातून मागे गेलो, बोळात उतरलो, वळसा घातला आणि पुढच्या रांगेत कंडक्टरच्या मागे उभा राहिलो.

तो वळून बघायला लागला. “काका, हे तुमचंच घर ना?”

“हो. पुढे सरका.”

रांग सरकली. उंबऱ्यापाशी आलो तेव्हा टोपीवाल्याने मान वर केली. त्याने मला ओळखलं. अंगठा खटक्यावर होता, पण तो दाबत नव्हता. विचारायची त्याला परवानगी नव्हती, म्हणून नुसता बघत होता. खिडकीतून सलूनवालाही बघत होता. साहेबांनी खांब सोडला होता.

“भेटायला आलोय,” मी म्हटलं.

खटका वाजला.

मी आत गेलो. टेबलाशी जरा रेंगाळलो, सगळ्यांना तसंच सांगितलं होतं. मग मागच्या दाराने उतरून पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिलो.