फिटरच्या पाठीमागची फळी

मी एक जुनी फळी आहे. मित्रांनो, फळी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर डब्यांची किंवा पुस्तकांची फळी आली असेल, तर तिला आधी बाजूला ठेवा. मी हॉकीच्या गोलातली फळी आहे. दोन खांब, वर एक आडवी दांडी, मागे जाळी, आणि जाळीच्या तळाशी जमिनीला टेकून उभी असलेली गुडघाभर उंचीची लांबलचक मी. चेंडू गोलात शिरला की थेट माझ्यावर येऊन आपटतो आणि 'ठक्' असा आवाज होतो. तो आवाज सगळ्या मैदानाला ऐकू जातो. तिकडचे लोक नाचतात, इकडचे लोक कपाळावर हात मारतात, आणि मला पुढचे दोन क्षण काही सुचत नाही.

माझं आधीचं आयुष्य बसमध्ये गेलं. डेपोतल्या एका लाल बसच्या तळाला आम्ही काही फळ्या होतो. बारा वर्षं आम्ही लोकांचे पाय सोसले. चपला, बूट, ट्रंकांची टोकं, रडणाऱ्या मुलांच्या आपटलेल्या टाचा, आणि दिवसभर पुढून मागे नि मागून पुढे जाणारे कंडक्टरचे पाय. पाय बघून माणूस ओळखायची विद्या मला तिथेच मिळाली. पुढे बस भंगारात निघाली. पत्रा एकीकडे गेला, काचा एकीकडे गेल्या, इंजिन तिसरीकडेच गेलं. डेपोच्या सुताराने मात्र माझ्यावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "ही चांगली मुरलीय. हिला जाळायची नाही." त्याने तीन फळ्या जोडून एक केली, रंधा मारला, काळा रंग दिला आणि डेपोमागच्या मैदानावर मला गोलात बसवलं. समोरच्या गोलात माझी बहीण बसली. तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींना आवाजानेच ओळखतो. तिकडे 'ठक्' झालं की मला कळतं, बहीण ठीक आहे.

या मैदानावर डेपोतल्या बायकांचा संघ खेळतो. पुढे हल्ला करणाऱ्या मुली तिकीट खिडकीवरच्या आणि ऑफिसातल्या. मागे बचावाला चार कंडक्टर. आणि गोलात उभी राहते ती फिटर. तिचं नाव काहीही असो, डेपोत सगळे तिला फिटरच म्हणतात. दिवसभर ती बसखाली पाठीवर पडून काम करते. गाडीत काय बिघडलंय ते तिला कानाने कळतं. चालू इंजिनाला ती स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावते, मूठ कानापाशी नेते, डोळे मिटते आणि सांगते, "तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह." खोलून बघितलं की तिसऱ्याचा व्हॉल्व्हच निघतो. हे मी पाहिलेलं नाही, पण मुली माझ्या शेजारी बूट बांधताना सांगत असतात आणि मी ऐकत असते.

मित्रांनो, काय तिचा खेळ होता! पॅड बांधून ती समोर उभी राहिली की मला वाटायचं, आता मी निवांत झोपावं. उजवीकडचा चेंडू ती पायाने अडवायची, डावीकडचा हाताने, आणि मधोमध आलेला तर अंगावर घ्यायची. एका वर्षी माझ्या कोपऱ्यात कोळ्याने जाळं विणलं आणि ते अख्खा महिना टिकलं. सुतार ते जाळं लोकांना बोट दाखवून दाखवायचा. त्या दिवसांत मला माझ्या जागेचा फार अभिमान वाटायचा.

मग एक वाईट सामना आला. समोरचा संघ फारच तगडा होता आणि आमच्यावर सहा गोल झाले. फिटर त्या दिवशी पॅड न सोडताच बराच वेळ खांबाला टेकून बसली होती. चौघी कंडक्टर तिच्याभोवती बसल्या. सगळ्यांत उंच कंडक्टर म्हणाली, "आजपासून हिला एकटं सोडायचं नाही. काहीही झालं तरी आपण हिच्या जवळ राहायचं." त्यांचं मन सोन्यासारखं होतं, यात मला तिळमात्र शंका नाही. पण त्या दिवसापासून दर सामन्यात गोल व्हायला लागले. दोन, तीन, चार. माझा रंग उडाला, एक कोपरा फुटला, आणि पुन्हा रंग द्यायला कुणी आलं नाही. गोल खाणाऱ्या संघाच्या फळीला कोण रंग देतो?

लोकांनी फिटरला नाव ठेवलं, 'चाळण'. आणि मित्रांनो, सांगायलाही जड जातं, हे नाव पहिल्यांदा घेतलं ते तिच्या वडिलांनी. ते निवृत्त ड्रायव्हर. एकतीस वर्षं बस चालवली, कुणाला खरचटूही दिलं नाही. मैदानाच्या कडेला लाकडी पायऱ्या आहेत, त्यांच्या सगळ्यांत वरच्या पायरीवर त्यांची जागा ठरलेली. बाप म्हणून लेकीची बाजू घेतो असं कुणी म्हणू नये, म्हणून ते सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडायचे. "अगं बघ! नीट बघ! डोळे कुठायत तुझे?" घाटात हॉर्न वाजवावा तसा त्यांचा आवाज होता. सामना संपल्यावर बाप-लेक एकाच रस्त्याने घरी जायचे, पण मध्ये दहा पावलांचं अंतर असायचं.

हंगामाच्या शेवटच्या सामन्याआधी मॅनेजरबाई गोलापाशी आल्या. त्या डेपोही सांभाळतात आणि संघही. त्यांनी हातातला पुढच्या वर्षीच्या संघाचा कागद दुमडला आणि म्हणाल्या, "हे बघ, मला वाईट वाटतं. पण आज हरलो तर पुढच्या वर्षी गोलात दुसरी कुणीतरी उभी राहील. मला वर उत्तर द्यावं लागतं." फिटरने फक्त मान हलवली. मग ती वाकली आणि पॅडचा पट्टा बांधू लागली. तो एरवी एका झटक्यात बसायचा, त्या दिवशी तीनदा सुटला. नऊ वर्षं ती त्या जागेवर उभी होती. मी तिच्या पाठीमागून पाहिलं आहे, दुसऱ्या कुठल्याही कौतुकाची तिला हौस नव्हती. तिला फक्त तिथे उभं राहायचं होतं.

त्या दिवशी पायऱ्यांचं काम निघालं होतं. सुताराने खालच्या दोन पायऱ्या उखडून ठेवल्या होत्या, आणि ड्रायव्हरकाकांचा गुडघा काही तेवढी उडी घेईना. शेवटी कुणीतरी त्यांना एक स्टूल दिलं. ते त्यांनी माझ्या मागे, जाळीपासून तीन पावलांवर मांडलं आणि कुरकुरत बसले.

पहिल्या अर्ध्या वेळात फिटर समोरच्या गोलात होती. आमचे काका इथून, मैदानाच्या या टोकावरून, तिला ऐकू जाईल असे ओरडत होते. तिकडून बहिणीचा आवाज दोनदा आला. दोन गोल. मग बाजू बदलल्या आणि फिटर माझ्यासमोर आली. जाळीमागे वडील बसलेले बघून ती थबकली.

"बाबा, इथे?"

"पायऱ्या उखडल्यात," काका म्हणाले. एवढंच बोलणं झालं.

खेळ सुरू होऊन पाचच मिनिटं झाली असतील, आमच्याविरुद्ध पेनल्टी कॉर्नर मिळाला. आता हे नीट ऐका. पेनल्टी कॉर्नरला गोलरक्षक आणि चार बचावपटू गोलरेषेमागे उभ्या राहतात. कडेवरून चेंडू आत ढकलला की बचावपटूंनी बाण सुटल्यासारखं पुढे धावायचं असतं, मारणाऱ्यांच्या अंगावर. आमच्या कंडक्टर दोन पावलं पुढे गेल्या आणि झटकन मागे फिरल्या. फिटरला एकटं सोडायचं नाही ना! चौघी तिच्यापुढे दाटीवाटीने उभ्या राहिल्या. काका स्टुलावरून पुढे वाकले आणि सवयीने गरजले, "बघ! नीट बघ!"

ठक्.

चेंडू माझ्या फुटक्या कोपऱ्यावर बसला. काका माझ्याकडे बघतच राहिले. "आला कुठून हा?" ते स्वतःशीच म्हणाले. त्यांनी मान वाकवून माझ्या उंचीवर आणली आणि समोर पाहिलं. त्यांना तेच दिसलं जे मला कित्येक महिने दिसत होतं. पाय. आठ पाय, चार स्टिक, आणि त्यांच्या फटीतून हिरवळीचा एक तुकडा. पायऱ्यांवर बसून बाजूने बघणाऱ्याला हे कधी कळलंच नसतं. तिथून चेंडू लख्ख दिसतो आणि गोलरक्षक आंधळी वाटते.

थोड्याच वेळात दुसरा फटका आला, चौघी तशाच पुढे दाटलेल्या. या वेळी काकांच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता. पलीकडे कुठेतरी स्टिक चेंडूला लागल्याचा कट्ट असा आवाज झाला, आणि चेंडू पायांतून बाहेर यायच्या आधीच फिटरचा डावा पाय आडवा गेला. धप्प! चेंडू पॅडवर आपटून बाहेर. तिसरा फटका, उजवा हात. चौथा, ती अख्खी आडवी झाली. काका स्टुलावरून अर्धे उठले होते. त्यांचं तोंड उघडं होतं आणि डोळे मोठे झाले होते. देवाशपथ सांगते, इतका थक्क झालेला माणूस मी बसमध्येही पाहिला नव्हता.

"हिला दिसत नाहीये," ते पुटपुटले. "हिला काहीच दिसत नाहीये... आणि ही अडवतेय!"

चारांपैकी तिसरं सत्र संपलं. दोन मिनिटांची सुट्टी झाली, मुली खांबापाशी पाणी प्यायला आल्या. काका लंगडत त्यांच्याकडे गेले. मला वाटलं, आता पुन्हा तोंडाचा पट्टा सुटणार. पण ते अगदी हळू बोलले.

"पोरींनो, ड्रायव्हरच्या काचेसमोर पॅसेंजर उभा राहिला तर तुम्ही काय करता?"

"हटवतो की, काका," उंच कंडक्टर म्हणाली. "दिवसातून पन्नास वेळा ओरडतो आम्ही, काच मोकळी करा म्हणून."

"मग हिच्या काचेसमोर कोण उभंय?"

एकीच्या हातातली बाटली तशीच कलती राहिली आणि पाणी बुटावर सांडत राहिलं. उंच कंडक्टरचे डोळे भरून आले. "आम्हाला वाटलं, जवळ असलं की हिला बरं वाटेल," ती म्हणाली. "ताई, तू बोलली का नाहीस ग?"

फिटरने मान खाली घातली. "तुम्ही माझ्यासाठी उभ्या होतात. हटा कसं म्हणू?"

शेवटच्या सत्रात मित्रांनो, माझ्यासमोर मैदान उघडलं. हिरवं, लांब, पार समोरच्या खांबांपर्यंत. कॉर्नर मिळाला की चौघी बाणासारख्या पुढे जात होत्या, आणि फिटर मोकळ्या जागेत उभी राहून चेंडू येताना बघत होती. नुसती बघत होती! त्यांनी तिच्यावर सात फटके मारले. एक तर दांडीच्या अगदी खाली, हवेतून आला. तिने तो हाताच्या तळव्याने असा बाजूला केला जशी कुणी चेहऱ्यावरची माशी हाकलावी. माझ्यावर एकही चेंडू आला नाही. आमच्या मुलींनी समोर एक गोल केला, बहीण वाजली, आणि शिट्टी झाली. आम्ही एक विरुद्ध तीनने हरलो.

मॅनेजरबाई कागद घेऊन आल्या. त्यांचा चेहराच सांगत होता की त्यांना बोलणं नकोसं झालंय. काका त्यांच्या आडवे उभे राहिले. "बाई, कागद नंतर. आधी इथे गोलात येऊन जरा वाका."

बाईंनी इस्त्रीचा पोशाख सांभाळत माझ्यासमोर ओणवं व्हायला जरा कां-कूं केली, पण झाल्या. काकांनी चौघी कंडक्टरना जुन्या जागेवर उभं केलं.

"काय दिसतंय?"

"पाय," बाई म्हणाल्या.

"आणि बॉल?"

"बॉल कुठाय?"

ठक्. कुणीतरी हलकेच मारलेला चेंडू त्यांच्या कोपराशेजारून माझ्यावर आला होता. बाई दचकून मागे बसल्या. मग उठल्या, गुडघे झटकले, कागदाची घडी घालून तो पर्समध्ये ठेवला. "पुढच्या वर्षी गोलात हीच," त्या म्हणाल्या. "आणि तू ग, तोंड उघडत जा जरा! ओरड यांच्यावर!" मुली हसल्या. फिटर हसता हसता रडली.

सगळे गेल्यावर बाप-लेक दोघंच उरले. ती खाली बसून पट्टे सोडत होती. काकांनी विचारलं, "इतके दिवस कशावरून अडवत होतीस?"

"आवाजावरून. स्टिक लागली की कळतं, जोरात येणार की हळू, कुठल्या बाजूने."

काका जाळीपर्यंत पुढे आले. मग म्हणाले, "आणि जे आत गेले ते?"

तिने एक पट्टा सोडला, दुसरा सोडला. तिच्या आवाजात राग नव्हता.

"तेव्हा तुम्ही ओरडत असायचात, बाबा."

काकांनी आधारासाठी हात पुढे केला आणि तो जाळीवरून माझ्यावर टेकला. मी लाकूड आहे, मला त्यांना धीर देता आला नाही. थोड्या वेळाने त्यांनी तिचे पॅड उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतले. त्या दिवशी दोघं शेजारी शेजारी चालत गेले.

आता ते दर सामन्याला माझ्या मागे स्टूल टाकून बसतात. अगदीच राहवलं नाही की रुमालाचा बोळा तोंडात धरतात. मित्रांनो, तुमच्याही घरात, वर्गात, कामाच्या जागी कुणीतरी असं गोलात उभं असेल. गोलात गेलेला चेंडू सगळ्या मैदानाला ऐकू जातो, अडवलेल्याचा धप्प आवाज पॅडमध्येच विरतो. तो ऐकायचा असेल तर माझ्या मागे येऊन बसा, जागा भरपूर आहे. फक्त थोडं गप्प बसावं लागतं.